पाण्याचं जमाखातं

ज्या शहराच्या उशाला राजा भोजाने अकराव्या शतकात बांधलेला तलाव अजूनही ३१ चौरस किलोमीटर पसरून पडला आहे, त्या शहरात पाणी वाचवायला माणूस थोडा तिरपागडाच असावा लागतो. मराठवाड्यात पाणी वाचवतात ते नाइलाजाने. मुंबईच्या चाळीत वाचवतात ते नळ जाईल या धास्तीने. भोपाळात मात्र त्यासाठी हौस लागते, आणि हौशी माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही. आमच्या इंद्रपुरीत दर गल्लीत असा निदान एक तरी असतोच. आमच्या गल्लीतले ते बापू.

इंद्रपुरी ही रायसेन रोडला लागून, पिपलानीच्या शेजारची वस्ती. भेलच्या (भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या) कारखान्यातून निवृत्त झालेल्यांनी प्रॉव्हिडंट फंडातून घरं बांधली, वर एकेक मजला चढवला आणि तो आसपासच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या पोरांना भाड्याने दिला. खालच्या मजल्यावर रक्तदाब, वरच्या मजल्यावर मॅगी, अशी इथली रचना. बापूंच्या घरीही वर चार पोरं आहेत. एक रीव्याचा, एक सतन्याचा, दोघे बिहारकडचे. खाली बापू आणि काकू. मुलगा पुण्यात.

१९६० साली पंडित नेहरूंनी उद्घाटन केलेल्या त्या कारखान्यात बापूंनी सारी हयात पाण्याच्या टर्बाइनवर काढली. मोठ्या धरणावरच्या एका टर्बाइनमधून सेकंदाला लाख-दोन लाख लिटर पाणी जातं. हे सांगताना बापूंचे दोन्ही हात अजून आपोआप फाकतात आणि समोरचा चहाचा कप धोक्यात येतो. हाच माणूस आता वॉशबेसिनच्या खाली बादली लावून तिच्यात वाकून बघत असतो. लोकांना यात विसंगती वाटते, मला वाटत नाही. सेकंदाला लाखो लिटर पाणी जाऊ देण्यासाठी ज्याने पस्तीस वर्षं पगार घेतला, त्याच्या मनावर काही ना काही परिणाम होणारच.

तसे बापू जन्मतः जलसाधक नव्हते. २००८-०९ सालच्या टंचाईने त्यांना घडवलं. त्या वर्षी तलाव इतका आटला की पात्रातली माती भेगाळली, आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागलं. तलावातला गाळ काढायला श्रमदान सुरू झालं, तेव्हा बापूही घमेलं घेऊन गेले. एक दिवस. त्या दिवशीचा फोटो दिवाणखान्यात आहे. घमेलं भरलेलं आहे, बापू हसताहेत, आणि फोटोच्या कडेला घमेल्याखाली जो दुसरा हात दिसतो तो काकूंचा आहे. काकूंचा बाकीचा भाग चौकटीत मावला नाही.

पुढच्या पावसाळ्यांत तलाव पुन्हा भरला, २०११ साली त्याचं नाव रीतसर भोजताल झालं, नर्मदेचं पाणीही पंपांनी चढवून शहरात आलं आणि भोपाळ ती टंचाई विसरलं. बापू विसरले नाहीत. खरं सांगायचं तर त्यांना ती टंचाई जाऊ द्यायचीच नव्हती. २०१६ साली मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे धावली, तेव्हा बापू टीव्हीसमोर बसून जे हळहळत होते, त्यात थोडी असूयाही होती असं मला आजही वाटतं. एवढं गंभीर संकट आणि आपण इथे, तुडुंब तलावाकाठी!

बापूंच्या साधनेचं मुख्य उपकरण म्हणजे वही. जुन्या भोपाळातल्या चौक बाजारातून आणलेली, लाल कापडी बांधणीची, व्यापाऱ्यांच्या पेढीवर असते तशी लांबट वही. तारीख, ठिकाण, लिटर, शेरा असे रकाने. फक्त जमा. नावे बाजूला त्यांनी एक सरस्वती चिकटवली आहे, म्हणजे तिकडे काही लिहिण्याचा प्रश्नच उरला नाही. दर रविवारी ते बेरीज करतात, महिनाअखेरीस मागील शिल्लक पुढे ओढतात, आणि ती लाखांत गेल्यापासून त्यांच्या चालण्यात थोडा फरक पडला आहे.

आता ही शिल्लक कशी वाढते ते बघण्यासारखं आहे.

मोरीतला नळ गळतो. सेकंदाला एक थेंब. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरच्या वर पाणी होतं, हे गणित बापूंनीच मला कागदावर करून दाखवलं. मी म्हटलं, "बापू, वायसर बदला. दहा-पंधरा रुपयांचं काम आहे." बापूंनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी त्यांना दुभती गाय विकायला सांगितली असावी. त्या नळाखाली त्यांची निळी बादली कायम असते. रोज सकाळी ते ती मापाने मोजून ड्रममध्ये ओततात आणि वहीत लिहितात : मोरी, ४.३, समाधानकारक. एकदा थंडीत आकडा ३.८ वर आला तर दुपारपर्यंत अस्वस्थ होते. शेवटी नळ किंचित सैल केला.

तीच गोष्ट आरओ मशीनची. त्यांचं मशीन एक लिटर शुद्ध पाणी देताना तीन लिटर टाकून देतं. ही टाकाऊ नळी बापूंनी भिंतीवरून फिरवून एका पिंपात सोडली. पहिल्या महिन्यात वहीतला हा रकाना सगळ्यांत जोरदार निघाला. मग बापूंना वाटलं, मशीन थोडं जास्त चालवलं तर? ते जास्त पाणी पिऊ लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह करकरून पाजू लागले. आरओच्या पाण्याने डाळ शिजवा, आरओच्या पाण्याने देव धुवा. एकदा तर त्यांनी शुद्ध पाणी स्कूटरच्या बॅटरीसाठी म्हणून बाटल्यांत भरून गल्लीभर वाटलं. (कुणी घातलं नसेल अशी आशा आहे.) जितकं शुद्ध पाणी, त्याच्या तिप्पट बचत! वरच्या रीव्याच्या पोराने एकदा पेनासारखं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं यंत्र आणून नळाचं पाणी तपासलं, तर आकडा तीनशेच्याही खाली. त्याने सांगितलं, "अंकलजी, पाचशेपेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच सरकारला सांगितलंय. आपल्याला हे मशीन लागतच नाही." बापूंनी त्याला अर्धा ग्लास आरओचं पाणी दिलं आणि विषय बदलला.

पण बापूंच्या प्रतिभेचा खरा आविष्कार संडासात आहे. फ्लशच्या टाकीत वाळूने भरलेली बाटली ठेवली की तेवढं पाणी दर वेळी वाचतं, ही युक्ती तुम्हीही कुठे वाचली असेल. चांगली युक्ती आहे. बापूंची टाकी जुनी, दहा लिटरची. त्यांनी एक नाही, तीन बाटल्या ठेवल्या. आता टाकीतून सातच लिटर पाणी येतं आणि त्याने काम भागत नाही, म्हणून दोनदा ओढावं लागतं. म्हणजे दहाच्या जागी चौदा. हे मी त्यांच्या निदर्शनास आणलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "तुमचं गणित कच्चं आहे. एका ओढीला तीन लिटर वाचतात ना? दोनदा ओढलं की किती झाले?" आणि मला वही दाखवली. सहा लिहिले होते.

त्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. बापूंना पाणी वाचवायचं असतं, वाया जाणं थांबवायचं नसतं. या दोन अगदी वेगळ्या आवडी आहेत. गळती बंद झाली तर वाचवणार काय, आणि वहीत लिहिणार काय?

भाडेकरूंवर बापूंचं लक्ष असतं, पण ते वर चढून जात नाहीत. गुडघे दुखतात. ते मागच्या अंगणात, सांडपाण्याच्या पाइपाला कान लावून उभे राहतात. कारखान्यात टर्बाइनच्या आवाजावरून आत पाण्याचे बुडबुडे फुटून पात्यांना कॅव्हिटेशनचे खड्डे पडताहेत का, हे ओळखणारा तो कान. त्याला आंघोळ म्हणजे किस झाड की पत्ती! "सतनावाला. बारावा मग... तेरावा... आता साबण लावतोय... अरे, नळ तर बंद कर!" आणि मग पाइपावर पाण्याच्या चावीने तीनदा ठकठक. वरून आवाज येतो, "अंकलजी, बस हो गया!" माणशी पंधरा मग हा नियम आहे. केस धुवायच्या दिवशी अर्ज केला तर वीस. शॉवरचा दांडा बापूंनी पहिल्याच आठवड्यात काढून कपाटात ठेवला होता. पोरं गरीब आहेत म्हणून राहतात असं मला आधी वाटायचं. तसं नाही. जेवायला काकू बोलावतात म्हणून राहतात.

पाहुण्याला पाणी देण्याचीही बापूंची रीत आहे. "किती घेणार?" असं ते दारातच विचारतात. चहाला कुणी असं विचारलं तर चालतं, पाण्याला विचारलं की माणूस गोंधळतो आणि "अर्धा" म्हणतो. तो अर्धाही पुरा प्यायला नाही तर उरलेल्या घोटांचं भांडं बापू स्वतः उचलतात आणि अंगणातल्या तुळशीला घालतात. पाहुण्यांचं, गाळणीचं, माठाच्या तळाचं, वाफेच्या झाकणावरचं, सगळं पाणी त्या एका तुळशीला. भर मे महिन्यात, बेचाळीस अंश तापमानात, सारी इंद्रपुरी करपत असताना बापूंची तुळस मुळं कुजून गेली. तिथे दुसरी लावली. तीही गेली. चौथ्या तुळशीच्या वेळी काकूंनी वृंदावन उचलून स्वतःच्या खोलीच्या खिडकीत नेलं आणि आतून कडी लावली.

ड्रमांचं तर विचारूच नका. वाचवलेलं पाणी वापरायचं नसतं, कारण वापरलं तर शिल्लक कमी होते. त्यामुळे मागच्या अंगणात निळे, काळे, एक पत्र्याचा असे ड्रम भरून उभे असतात. पावसाळ्यात डेंग्यूच्या अळ्या तपासणारी माणसं येतात. त्यांनी विजेरी मारून पाहिलं आणि ड्रम एकेक करून आडवे केले. बापूंची कित्येक महिन्यांची पुंजी नाल्यात गेली. मग ते ड्रम घासून धुवावे लागले. कशाने? नळाच्या पाण्याने. घासले कुणी? कामवाल्या बाईने. तिने दुसऱ्या दिवशी पगाराची बोलणी पुन्हा काढली, "बाबूजी, काम करने के अलग, पानी बचाने के अलग." तिचं चुकलं असं मला वाटत नाही. पूर्वी ती नळाखाली भांडी धरायची. आता निळ्या बादलीतून मग, मगातून तसराळं, तसराळ्यातून परत पिंप, अशी तिची वारी चालते. बापू खुर्चीवरून मोजतात. सबंध देशात पाणी वाचवण्याचं काम असंच दोन खात्यांत विभागलेलं आहे. एक बादली उचलण्याचं, एक वही लिहिण्याचं, आणि दुसऱ्या खात्यात बायका फारशा दिसत नाहीत.

इथे काकूंबद्दल सांगायला हवं. त्या देवासच्या. संस्थानाच्या थोरल्या पातीतल्या का धाकट्या, हे देवासकर अजून विचारतात, म्हणून सांगतो : थोरल्या. देवासला पाण्याचे हाल इतके होते की १९९० साली इंदूरहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. लातूरच्या गाडीच्या पाव शतक आधी. काकू तेव्हा माहेरी आईच्या आजारपणासाठी गेल्या होत्या. हे त्या कधी रंगवून सांगत नाहीत. एकदा मीच खोदून विचारलं, तर म्हणाल्या, "हो, यायची गाडी. कळशा घेऊन उभं राहायचो. त्यात काय सांगायचं?" आणि कोथिंबीर निवडायला लागल्या.

त्यांचं सगळं या "त्यात काय" मध्ये चालतं. भांडं उष्टं होऊ नये म्हणून त्या वरून पाणी पितात, म्हणजे पेला विसळायला लागत नाही. खरकटी भांडी आधी पुसून मग धुतात. भाजी नळाखाली न धरता पातेल्यात धुतात, ते पाणी पायपुसणी भिजवायला. तांदळाचं धुवण आमटीत. कपड्यांचं शेवटचं पाणी अंगणात सड्याला. मोरीचं पाणी भिंतीच्या भोकातून बाहेर सोडलंय आणि तिथे अळू माजलंय. श्रावणात आख्ख्या गल्लीला त्या अळूचं फदफदं जातं. यातलं काहीही बापूंच्या वहीत नाही. वहीला दोष देता येत नाही. न वापरलेलं पाणी मापून ओतायचं कसं?

दोघांचं कडाक्याचं भांडण मात्र रोज पहाटे होतं. नळ आला की काकू तांब्याच्या हंड्यातलं आदल्या दिवशीचं पाणी काढतात आणि ताजं भरतात. बापू धावत येतात.

"अगं, काय करतेस!"

"शिळं आहे ते."

"पाणी शिळं होत नसतं! तलावातलं पाणी कधीचं आहे माहितेय? राजा भोजाच्या काळापासून साठलंय! ते चालतं आणि कालचं चालत नाही?"

"भोजाला सांगा मग, त्याच्या घरचं त्याने प्यावं. आणि मी काय ओतून देतेय? अळूला घालतेय. त्याला चालतं."

असं वीस मिनिटं चालतं. तोवर नळ जातो.

बापूंचा खरा कस भदभद्यावर लागला. भोपाळात पावसाळ्यात लोक एकमेकांची तब्येत विचारण्याआधी तलावाची विचारतात. १६६६.८० फूट ही पूर्ण पातळी इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते, आणि पेपरात रोज किती बाकी आहे ते छापून येतं. ती गाठली की १९६५ साली बांधलेल्या भदभदा धरणाचे दरवाजे उघडतात. एकूण अकरा. किती उघडले यावर शहराचा आनंद ठरतो. कचेऱ्या ओस पडतात, पोराबाळांसकट लोक तिकडे लोटतात, भुट्टे भाजले जातात, पाण्याचे तुषार अंगावर घेत माणसं नुसती उभी राहतात. आम्हीही बापूंना घेऊन गेलो. चूक झाली म्हणत नाही, पण गर्दी होती.

दरवाजातून पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं. लोक टाळ्या वाजवत होते. बापू कठड्याला धरून गोरेमोरे झाले होते. "किती असेल सेकंदाला? किती असेल?" खिशातून पेन काढलं, हातावरच आकडे मांडले, ते तुषारांनी पुसले गेले, पुन्हा मांडले. "अहो, सगळं चाललंय! कुणी काही करत का नाही?" मी त्यांच्या हाताला घट्ट धरून ठेवलं होतं, कारण त्यांच्या पिशवीत रिकामी बिसलरीची बाटली होती आणि त्यांचा बेत मला कळला होता. शेवटी भुट्टेवाल्याला दया आली. मीठ-लिंबू चोळता चोळता तो म्हणाला, "अमाँ चचा, पानी कहीं भाग थोड़ी रिया है. आगे कलियासोत में जा रिया है." बापूंना हे ठाऊक नव्हतं असं नाही. कलियासोतचं धरण आहे, तिथून नदी, नदीतून बेतवा, हे त्यांनीच एकदा मला नकाशावर दाखवलं होतं. पण ते पाणी कुणाच्या तरी जमा बाजूला जातंय आणि ते कुणी म्हणजे आपण नाही, हे काही त्यांना पचेना. परतताना त्यांनी भुट्टा खाल्ला, पण मन लागलं नाही.

यानंतर बापूंना वाटू लागलं की आपल्या वहीवर कुणीतरी शिक्का मारायला हवा. वरचा रीव्याचा पोरगा सिव्हिलला, तिसऱ्या वर्षाला. त्याला प्रोजेक्ट हवाच होता. बापूंनी त्याला बोलावून सांगितलं, "या घराचं वॉटर ऑडिट कर. रीतसर. मग कॉलेजचा कागद घेऊन आपण पेपरात देऊ." पोरगं सालस. त्याने घर फिरून पाहिलं, गच्चीवर गेलं, टेप लावली. खाली येऊन म्हणालं, "अंकलजी, गच्ची हजार चौरस फूट आहे. भोपाळात वर्षाला साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमच्या गच्चीवर वर्षाला लाखभर लिटर पाणी पडतं आणि पाइपातून सरळ नालीत जातं. मागे शोषखड्डा करून तो पाइप त्यात सोडला तर बोअरला पाणी राहील. एकदाच करायचं, मग बघायला नको."

"मग बघायला नको" हे शब्द बापूंच्या चेहऱ्यावर लागलेले मला दिसले. ते म्हणाले, "ते नंतर. आधी मोज."

घराला मीटर नाही. पाणीपट्टी ठरलेली. म्हणून पोराने गच्चीवरची हजार लिटरची टाकी किती वेळा भरते ते लिहायचं ठरवलं. महिनाभर त्याने लिहिलं. दुसरा महिना सुरू होणार तेवढ्यात पुण्याहून नातवाच्या मुंजीचं बोलावणं आलं. काकूंचे पाय सुजले होते, त्यांना प्रवास झेपणारा नव्हता. बापू एकटेच गेले, वही घेऊन.

पुण्यात मुलाची सोसायटी उपनगरात, टँकरवर चालणारी. बापूंना तिथे फार बरं वाटलं. आठ दिवसांसाठी गेलेले बापू महिनाभर राहिले. सोसायटीच्या कमिटीपुढे त्यांनी व्याख्यान दिलं. लिफ्टमध्ये सूचना लावल्या. एका रात्री टँकरच्या नळीतून ठिबकणारं पाणी धरायला ते पातेलं घेऊन खाली गेले आणि रखवालदाराने त्यांना अडवलं. मुलाचा काकूंना फोन आला. त्याने तक्रार केली नाही, बाबा मजेत आहेत एवढंच म्हणाला आणि परतीचं तिकीट काढलं.

इकडे काकूंनी पहिल्याच सोमवारी प्लंबर बोलावला. मोरीच्या नळाचं वायसर बदललं. फ्लशमधल्या दोन बाटल्या काढल्या, एक ठेवली. आरओचं बटण बंद केलं आणि माठ भरला. पोरांना सांगितलं, आता पाइपाला कुणी कान लावणार नाही, तेव्हा शहाण्यासारखं वागा. पोरं वागली. निदान काकूंच्या अळूला जागली.

बापू परतले त्या संध्याकाळी पोरगा कागद घेऊन खाली आला. मी तिथेच होतो, मुंजीचे लाडू आले होते. पोराचा चेहरा निकाल हाती असलेल्या डॉक्टरासारखा झाला होता. बापू घरी असताना महिन्याला सत्तावीस टाक्या. बापू नसताना एकोणीस. "आपका हिस्सा मैंने घटाया है, अंकलजी," तो घाईघाईने म्हणाला, "माणशी रोज १३५ लिटर या सरकारी हिशेबाने. त्याच्या चार टाक्या होतात. तरीसुद्धा चार हजार लिटर कमी."

कुणी काही बोललं नाही. काकू लाडवांचा डबा उघडत होत्या, तो त्यांनी जरा सावकाश उघडला. मला वाटलं, झालं, बापूंचं सगळं अवसान गळालं. बापूंनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला. मोरीत जाऊन आले. नळाखालची बादली कोरडी होती. परत येऊन खुर्चीत बसले, पिशवीतून लाल वही काढली, पेनाला झटका दिला आणि तारीख घालून सुबक अक्षरांत लिहिलं : पुणे दौरा, ८,०००, उत्तम.

"बापू," मी म्हटलं, "अहो, हे तुम्ही..."

"मी गेलो म्हणून वाचले ना?" बापू म्हणाले. "मग कुणाच्या नावावर लिहू? तुमच्या?" आणि त्यांनी मागील शिल्लक मिळवून बेरीज मारली. एका महिन्यातला एवढा मोठा आकडा त्या वहीत यापूर्वी नव्हता. चेहरा खुलला. पोराच्या हातावर त्यांनी स्वतः दुसरा लाडू ठेवला.

काकूंनी वहीत डोकावून आकडा पाहिला. डबा बंद केला, पदराला हात पुसले.

"रिकाम्या हाताने आलात म्हणून म्हणत नाही," त्या म्हणाल्या, "पण गच्चीच्या पाइपाचा तो खड्डा करायचाय. मिस्त्री आठ दिवस लागतील म्हणतो. पुण्याची झेलम किती वाजता असते हो इथून?"